शब्दाखालची टिंबं

खोडलेल्या शब्दाखाली चाचा पेन्सिलीने टिंबं द्यायचे. एक, दोन, तीन, शब्द संपेपर्यंत. मग समासात बारीक अक्षरात लिहायचे : राहू दे.

प्रूफ वाचणाऱ्यांची ही जुनी खूण आहे. खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची, म्हणजे मजकूर जुळवणाऱ्याला कळतं की हा काढायचा नाही. खूण काही चाचांनी शोधलेली नव्हती. पण झोपेत पांघरुणाबाहेर आलेला लहान मुलाचा हात उचलून आपण परत आत ठेवतो ना, तसे ते शब्द वाक्यात परत ठेवायचे. तसं करताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

आता तुम्ही पनवेलच्या बाजारातून एक फेरी मारा आणि कान उघडे ठेवा. हाच शब्द तुम्हाला पावलोपावली ऐकू येईल. गटार तुंबलंय, अर्ज करायचा का? राहू दे. एसटी स्टँडवरचा पंखा महिनाभर बंद आहे, कुणाला विचारायचं का? राहू दे, आपल्याला काय करायचंय. म्हणजे सोडून दे, नाद सोड. चाचांच्या समासातलं ‘राहू दे’ नेमकं याच्या उलट होतं. हे जाणार नाही, हे छापलं जाईल, असा त्याचा अर्थ होता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून कळले. पत्रकारितेचं माझं शिक्षण विचाराल तर तेवढंच आहे.

आमचं साप्ताहिक चार पानी. जुन्या बाजारात मसाल्याच्या दुकानावरची एक खोली, लाकडी जिना, जिन्याखाली छोट्या जाहिराती आणि जाहीर नोटिसा टाकायची एक लाकडी पेटी. उन्हाळ्यात खाली मिरची कांडायला घेतली की वर आम्ही सगळे शिंकत शिंकत लोकशाहीबद्दल लिहायचो. चाचा तोंडाला रुमाल बांधून बसायचे आणि त्यावरून डोळे वाचत राहायचे. उंच, जरा वाकलेले, कातरलेली पांढरी दाढी, खिशात कायम दोन पेन्सिली. पेन कधीच नाही. सगळं पनवेल त्यांना चाचाच म्हणायचं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रूफ वाचणाऱ्याचं नाव लोकांना कळतं ते फक्त त्याच्या चुकीमुळे, असं ते म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि फार पेटलेली होते. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. आईवडील दोघंही चळवळीतले. घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या शब्दांवर. त्यामुळे माझ्या पहिल्या बातमीत वाक्यागणिक तीन-तीन उद्गारचिन्हं होती.

चाचांनी तो कागद समोर धरला, चष्मा वर सरकवला.

“बेटा, हे खांब कशाला उभे केलेत?”

“जोर येतो, चाचा.”

“वाक्य आपल्या पायावर उभं राहत नाही का? आजारी आहे?”

मग एकेक खांब त्यांनी पाडला. शेवटचा पाडताना माझ्याकडे पाहून म्हणाले, “ओरडणाऱ्या माणसाला लोक फक्त बघतात. हळू बोलणाऱ्याचं ऐकायला जवळ यावं लागतं.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातली सुकटाची चटणी अर्धी माझ्या पोळीवर ठेवली आणि आमचं भांडण मिटलं. उद्गारचिन्हं मात्र परत आली नाहीत. या लेखातही तुम्हाला सापडणार नाहीत.

पेन का नाही, हे मी एकदा विचारलं होतं. उत्तर यायला वर्ष लागलं.

चाचा तरुणपणी इथल्या कितीतरी जणांसारखे आखातात गेले होते. तिथे त्यांना एका गोदामात काम मिळालं. बाहेरच्या देशांतून मासिकं आणि वर्तमानपत्रं यायची, ती दुकानात जाण्याआधी या गोदामात यायची. लांब टेबलाभोवती माणसं बसायची आणि प्रत्येकाच्या हातात जाड काळा मार्कर. यादीत सांगितलेला फोटो काळा करायचा, सांगितलेला मजकूर काळा करायचा. चाचांनी हे तेरा वर्षं केलं.

“नखं काळी व्हायची,” ते म्हणाले. “सुट्टीवर घरी आलो की बायको लिंबू चोळायची. जायचं नाही.”

“वाईट वाटायचं?”

“आधी नाही. नोकरी होती. पण एक सांगतो, काळं करायचं तर आधी वाचावं लागतं. लोकांनी जे वाचायचं नाही ते सगळं आम्हीच वाचायचो. तेरा वर्षं वाचलं. त्यात निम्म्याच्या वर काय होतं, माहीत आहे? कुणाची तरी फजिती. कुणीतरी मोठ्या माणसाने घोळ घातलेला, आणि तो दिसू नये म्हणून आमचे मार्कर. खरं धोक्याचं म्हणावं असं फार थोडं.” मग त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली. “काळ्याखालचं वाचायला लोक कागद उजेडासमोर धरतात. ग्राहकांना धरताना मी पाहिलंय. तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली.”

परत आल्यावर त्यांनी शपथ वगैरे घेतली नाही. फक्त पुसता येईल अशाच गोष्टीने लिहायचं, एवढं ठरवलं.

ही एवढी ओळख अशासाठी करून दिली, की पुढची गोष्ट कळावी.

एका मंगळवारी, आमच्या प्रूफाच्या दिवशी, जाहीर नोटिशींच्या पेटीत एक पाकीट सापडलं. वर काही नाही. आत टाइप केलेला एक कागद. खाडीच्या बाजूला कुंपणाआड एक सरकारी डेपो आहे. कुठल्या खात्याचा, ते लिहीत नाही. त्याला लागून गाव आहे आणि गावाची विहीर. कागदात लिहिलं होतं, की डेपोतल्या टाकीच्या गळतीमुळे विहिरीच्या पाण्यात तेल उतरलं आहे. तपासणी झाली आहे, पाणी पिण्यालायक नाही. आणि शेवटची ओळ अशी होती : ग्रामस्थांना याबाबत कळवावे किंवा कसे, याविषयी मार्गदर्शन व्हावे.

कागदावरच्या तारखेला पाच महिने उलटून गेले होते. ते मार्गदर्शन अजून यायचं होतं आणि गाव पाणी पीत होतं.

मी त्याच दुपारी गावात गेले. विहिरीवर एक काकी भांडी घासत होत्या. मी पाण्याबद्दल विचारलं तर त्यांनी हंडाच माझ्या नाकासमोर धरला.

“घे, वास घे. आमी सांगून काय उपेग. पोरांना मजा वाटते, पान्यावर इंद्रधनुष्य दिसतं म्हनून.”

“तक्रार केली का, काकी?”

“केली ना. सायेब बोलला, डेपोचं काय बोलायचं नाय, देशाचं गुपित हाय.” त्यांनी हंडा खाली आपटला. “माज्या सासऱ्याने खनलेली विहीर, ती देशाचं गुपित कशी झाली, ते तू लिव.”

परत आले ती धगधगतच. पण काही छापण्याआधी खात्याला रीतसर पत्र देऊन त्यांचं म्हणणं विचारायचं, हा आमच्या संपादकांचा नियम. ते सरळ माणूस, आयुष्यभर बँकेत नोकरी करून उरलेल्या हौसेने हे साप्ताहिक चालवणारे. आम्ही त्यांना सर म्हणतो. सरांनी पत्र दिलं. तीन दिवसांत उत्तर आलं. पाच महिने विहिरीबद्दल मार्गदर्शन न करणाऱ्यांनी आम्हाला तीन दिवसांत केलं : सदर विषय राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील असल्याने याबाबत कोणतीही माहिती प्रसिद्ध करू नये, अन्यथा कारवाई करण्यात येईल. मूळ कागद ताबडतोब जमा करावा आणि तो देणाऱ्याचे नाव कळवावे.

सरांचा चेहरा पडला. चाचांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि चक्क हसले.

“पेटीतलं पत्र खरं आहे.”

“कशावरून?” सर म्हणाले.

“खोटं असतं तर ‘खोटं’ लिहिलं असतं. एका शब्दात काम झालं असतं. एवढी मोठी ओळ कोण लिहितो?”

मला तर वाटलं, आता पहिल्या पानावर त्या कागदाचा मोठा फोटो टाकायचा. पुरावाच लोकांसमोर ठेवायचा. फोटो मी फोनमध्ये काढूनही ठेवला होता. चाचांनी कागद मागितला आणि बातमी न वाचता तो कागद वाचायला घेतला. पेन्सिल हातात, ओळीओळीखालून सरकत. अर्ध्या तासाने म्हणाले, “फोटो नाही.”

“का?”

“सही कुठे आहे? जावक क्रमांक कुठे आहे? हा मसुदा आहे, बेटा. कच्चा. पक्कं पत्र साहेबाने सुधारून, सही करून पाठवलं असणार, आणि ते तीन-चार कार्यालयांत गेलं असणार. ते कुठूनही फुटू शकतं. पण मसुदा एकाच टेबलावर असतो.”

त्यांनी पेन्सिलीचं टोक एका शब्दावर ठेवलं. तिथे ‘विहिर’ असं लिहिलं होतं. दोन ओळी खाली ‘विहीरीचे’.

“पाहिलंस? जिथे दीर्घ हवी तिथे ऱ्हस्व, आणि जिथे ऱ्हस्व हवी तिथे दीर्घ. यातली एक चूक शंभर जण करतात. दोन्ही उलट्या आणि दर वेळी उलट्या, असा एकच माणूस असतो.” ते कागदाकडे पाहत राहिले. “मला याचं नाव माहीत नाही, तूही शोधू नकोस. पण मी याला ओळखतो. रस्त्यात भेटला तर कळणार नाही. कागदावर भेटला तर लगेच कळेल. मला कळतं तर त्याच्या साहेबालाही कळेल. ही अमानत आहे, विश्वासाने दिलेली ठेव.”

(तो शब्द खरोखर ‘विहीर’ नव्हता, हे इथे सांगून ठेवते. इथे आणि पुढेही मी दुसरा शब्द घातला आहे आणि बाकीही काही खुणा हलवल्या आहेत. त्या खात्यात कुणी हा लेख घेऊन शोधायला बसू नये. चाचांनी मला एवढं नक्की शिकवलं.)

मग त्यांनी माझ्या फोनमधला फोटो माझ्याचकडून काढून टाकायला लावला. आणि काढून टाकलेले फोटो जिथे साठतात, तिथूनही. आम्ही पत्राचा मजकूर पुन्हा टाइप केला आणि चाचांनी तो शुद्ध केला. प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. एका माणसाची नोकरी त्या वेलांट्यांवर टांगलेली होती. शुद्धलेखनाला मी तोपर्यंत म्हाताऱ्यांचं खूळ समजत होते.

तो कच्चा कागद त्यानंतर मी पाहिला नाही. विचारलंही नाही.

आता खरी लढाई घरातच होती. सरांनी लाल पेनाने माझी बातमी निम्मी खोडली. गळती गेली, तपासणी गेली, ती मार्गदर्शनाची ओळ गेली. उरलं ते एवढंच : गावात पाण्याची समस्या.

“आपण लहान आहोत,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात भित्रेपणापेक्षा थकवा जास्त होता. “देशाच्या सुरक्षेचं कलम लावलं तर वकील कुठून आणायचा? राहू दे. आणि चाचा, तुम्ही दोन आठवडे येऊ नका. तुमचं नाव... म्हणजे समजून घ्या. आधी तुमच्याकडेच बोट जाईल.”

खालून मिरची कांडल्याचा आवाज येत होता.

“माझ्या नावात एक नुक्ता आहे, सर,” चाचा शांतपणे म्हणाले. “अक्षराखालचं टिंब. मराठीत नुक्ता देत नाहीत, म्हणून इथे आलो त्या दिवशी मी स्वतःच तो काढून टाकला. नियम म्हणजे नियम. नावातलं काढण्यासारखं तेवढंच होतं. बाकीचं आहे तसं आहे. मी येणार.”

आणि त्यांनी तो लाल झालेला कागद पुढे ओढला. पेन्सिल घेतली. खोडलेल्या पहिल्या शब्दाखाली टिंब दिलं. मग दुसऱ्या. मग ओळीखाली, परिच्छेदाखाली. आम्ही दोघं बघत होतो. लाल रेघांखाली राखाडी टिंबांच्या रांगा, मुंग्यांसारख्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. समासात त्यांनी लिहिलं : राहू दे. आणि कागद सरांसमोर ठेवला.

“तुम्ही म्हणालात तेच लिहिलंय.”

सर हसले नाहीत. पण त्यांनी तो कागद परत खोडला नाही.

मी मनात विजयाची घोषणा देते आहे तोच चाचांनी माझ्या बातमीतल्या तीन ओळींवर काट मारली. डेपोचं मागचं फाटक कधी उघडतं, पहारा कधी बदलतो, टाक्या कुठल्या कोपऱ्यात आहेत, हे मी गावातून विचारून मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं.

“हे काय, चाचा?” माझा आवाज चढला. “ते घाबरवतात आणि आपण खोडतो? तुमच्या हातातला मार्कर अजून सुटलेला दिसत नाही.”

बोलून गेले आणि तोंडात राख पडल्यासारखं झालं. चाचांनी नखांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“या तीन ओळी वाचून विहिरीचं पाणी गोड होणार आहे का?”

मी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या.

“काकींना याचा काय उपयोग? त्यांना फाटकाची वेळ नको, पाणी हवंय. याचा उपयोग फक्त भिंत चढणाऱ्याला. देश माझाही आहे बेटा, मी काय त्याच्या विरुद्ध छापायला बसलोय? गुपित कुठलं आणि फजिती कुठली, हे मी तेरा वर्षं शिकलो. या तीन ओळी गुपित. बाकी सगळी फजिती.”

त्या काटेखाली त्यांनी टिंबं दिली नाहीत. मी नंतर यावर पुष्कळ वेळा विचार केला आहे. सरकार जेव्हा ‘सुरक्षा’ म्हणतं तेव्हा ते या दोन गोष्टी मुद्दाम एका पोत्यात भरतं, म्हणजे पोतं उघडायला गेलेला माणूस देशद्रोही ठरतो. आमच्या चार पानी साप्ताहिकातल्या एका म्हाताऱ्याने ते पोतं टेबलावर उपडं केलं, तीन ओळी स्वतः उचलून बाजूला ठेवल्या आणि उरलेलं सगळं लोकांना दिलं. हे काम करायला मोठमोठ्या पगाराची माणसं आहेत, त्यांना ते येत नाही.

शनिवारी अंक निघाला. सोमवारी गावात टँकर आला. बुधवारी चाचांना चौकशीचं पत्र आलं. संपादकांना नाही, मला नाही. सर म्हणाले होते तसंच, बोट आधी त्यांच्याकडेच गेलं.

चौकशी खात्याच्याच कार्यालयात होती. मी सोबत गेले आणि मागच्या बाकावर बसले. चाचांनी डबा आणि आठवड्याची प्रूफं बरोबर घेतली होती. समोर साहेब, बाजूला संगणकावर जबाब टाइप करायला एक कर्मचारी.

“कागद कुठून आला?”

“पेटीत मिळाला.”

“पेटीत कुणी टाकला?”

“पेटीला डोळे असते साहेब, तर आम्ही तिलाच बातमीदार ठेवलं असतं.”

“मूळ प्रत जमा करा.”

“मूळ प्रत तुमच्याच कपाटात आहे. सही केलेली. आम्ही काय छापलं ते तिच्याशी ताडून बघा, एक मात्रा कमी-जास्त असेल तर मी कान पकडतो.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. जरा वेळ चाचांच्या दाढीकडे पाहत राहिले. “तुमच्यासारख्यांनी तर जास्त जपून राहायला पाहिजे.”

मी बाकावरून उठणार होते. चाचांनी मान न वळवता हात किंचित मागे केला, बस म्हणून.

“माझ्यासारख्यांनी म्हणजे प्रूफ वाचणाऱ्यांनी ना? जपूनच राहतो, साहेब. नजर हटली की घोटाळा होतो.”

दोन तासांनी जबाबाचा कागद छापून आला. साहेबांनी सहीसाठी पेन पुढे केलं. चाचांनी पेन बाजूला ठेवलं आणि खिशातली पेन्सिल काढली.

“हे काय?”

“वाचल्याशिवाय सही करत नाही. पोटापाण्याचा धंदाच तो आहे.”

त्यांनी जबाब वाचला आणि दुरुस्त केला. ‘माहीती’ची माहिती केली, ‘गोपनिय’चं गोपनीय केलं, आणि मग तो गोपनीय शब्दच खोडला. “ही चूक वेलांटीची नाही, अर्थाची आहे. गावातली बाई ज्याचा वास घेऊ शकते ते गोपनीय नसतं. मी हा शब्द म्हणालो नव्हतो.” जबाब पुन्हा टाइप झाला. पुन्हा तो शब्द आला, पुन्हा चाचांनी खोडला. तिसऱ्यांदा टाइप करायची वेळ आली तेव्हा साहेबांचा चहा थंड झाला होता आणि भिंतीवरच्या घड्याळात जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. “काढा तो शब्द,” साहेब कर्मचाऱ्याला म्हणाले, “आणि संपवा एकदाचं.”

तिसरा कागद चाचांनी फार हळू वाचला. मध्येच एका जागी त्यांची पेन्सिल थांबली. मला बाकावरून दिसलं, टोक कागदाला टेकायला दोन बोटं उरली होती. मग ती पुढे सरकली. त्यांनी मान वर करून कुणाकडेही पाहिलं नाही. साहेबांकडे नाही, संगणकामागच्या माणसाकडे नाही, माझ्याकडे नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि सवयीने पुढे लिहिलं : वाचलं.

एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. रसाच्या गाड्यापाशी थांबून चाचा म्हणाले, “आज एक चूक सोडून आलो.”

“तुम्ही? कुठली?”

“राहू दे.”

यातलं कुठलं ‘राहू दे’ ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, थकलेत.

त्यांना आणखी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा दिवसभर बाकावर बसवून परत पाठवलं. मग ते पत्र ज्या ज्या कार्यालयांत गेलं होतं, ती सगळी एकमेकांकडे बोट दाखवू लागली आणि चौकशी त्या बोटांमध्ये कुठेतरी हरवली. आम्हाला समज दिल्याचं एक पत्र आलं. सरांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. मी म्हणाले, सर, एवढं कशाला. ते म्हणाले, “बँकेत बत्तीस वर्षं काढली, असं पत्र एकदाही मिळालं नव्हतं.”

काही महिन्यांनी गावात नळ आला आणि विहिरीवर खात्याने लोखंडी फलक लावला. जे गुपित होतं ते आता रंगाने लिहून चौकात उभं होतं. मी चाचांना ते दाखवायला रिक्षाने घेऊन गेले. आभाळ स्वच्छ होतं, लांब कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. काकींनी नळाचं पाणी आणून दिलं आणि चाचांसमोर पेला धरून म्हणाल्या, “घ्या चाचा, गुपित नाय आता.”

पाणी पिऊन चाचा फलकासमोर उभे राहिले. पांढऱ्यावर निळी अक्षरं :

ही विहिर बंद आहे. या विहीरीचे पाणी पिऊ नये.

सवयीने त्यांचा हात खिशात गेला. पेन्सिल बाहेर आली. मी वाट पाहत होते, आता ते लोखंडावर पेन्सिलीने सुधारणा करणार आणि मला हसायला मिळणार. पण ते तसेच थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, शब्दाला परत वाक्यात ठेवताना यायचं तेच.

“आहे,” ते हळूच म्हणाले. “अजून त्याच टेबलावर आहे.”

आणि तेव्हा मला तो जबाब आठवला. दोन बोटं वर थांबलेली पेन्सिल, आणि तीन तास मान खाली घालून टाइप करणारा संगणकामागचा माणूस. बाई होती की पुरुष, तरुण की वयस्कर, हे मी लिहिणार नाही. त्याच्यापासून चार हातांवर बसून चाचांनी त्याची बाकीची प्रत्येक चूक सुधारली होती. ‘विहिर’ची ही एवढी एक सोडून. ती सुधारली असती तर साहेबांची नजर तिच्यावर गेली असती.

पेन्सिल परत खिशात गेली. “राहू दे,” चाचा म्हणाले.

मागच्या थंडीत चाचा गेले. प्रूफ वाचता वाचता गेले असं लिहिण्याचा मोह होतो, पण ते त्यांनी खोडलं असतं. चार दिवस तापाने आजारी होते, पाचव्या दिवशी दुपारी गेले. त्यांच्या जाण्याची बातमी मी लिहिली. सरांनी वाचली आणि एक अक्षरही न बदलता पुढे दिली. त्यात एक अनुस्वार चुकला होता. अंक छापून आल्यावर दिसला. त्या खुर्चीवर आता मी बसते. पेन्सिलीने वाचते.

परवा कामासाठी त्या गावात गेले होते. विहिरीपाशी शाळेत नवे आलेले गुरुजी उभे होते, हातात निळ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश. चार-पाच गावकरी भोवती.

“बघा ना मॅडम,” ते मला म्हणाले. “सरकारी फलक, दोन ओळी, आणि दोन्हीत चूक. मुलं रोज हेच वाचतात. दोन मिनिटांत सुधारून टाकतो.”

ब्रश रंगात बुडाला होता. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी फलकाकडे पाहिलं. निळी अक्षरं उन्हाने थोडी फिकट झाली होती, पण वेलांट्या होत्या तिथेच होत्या, दोन्ही उलट्या.

“राहू द्या, गुरुजी,” मी म्हणाले.